हॉस्पिटलमध्ये पेशंटशी नीट का बोललं जात नाही? कारण फक्त स्वभावाचं नाही

"डॉक्टर चांगले आहेत हो, पण तिथला स्टाफ..."

हे वाक्य पुढे पूर्ण करावं लागत नाही. ऐकणाऱ्याकडे स्वतःचा एखादा अनुभव असतोच. 'तिकडे जा' म्हणत हात उडवणारा खिडकीवरचा माणूस, सलाईन संपल्याचं सांगायला गेलं की अंगावर येणारी सिस्टर, स्ट्रेचर ढकलायला पैसे मागणारे मामा. खासगी हॉस्पिटलमध्ये भाषा जरा गोड असते, पण बिल, डिस्चार्ज आणि विम्याची मंजुरी या तीन ठिकाणी तीही संपते.

यावर नेहमीची उत्तरं दोन. एक, माणसंच तशी. दोन, सरकारी कारभार असाच. मग विषय संपतो. पण गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नाचा बराच अभ्यास झालाय. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट अशी की, पेशंटला कसं वागवलं जातं आणि तिथे काम करणाऱ्याला कसं वागवलं जातं, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आणि हा विषय फक्त गोड बोलण्याचाही नाही. काही ठिकाणी त्यात माणसांचे जीव गेलेत.

ते कसं, हे समजून घेऊ.

दोन मिनिटांत काय होतं?

2017 साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या पेशंटला डॉक्टर सरासरी किती वेळ देतात, हे त्यात पाहिलं होतं. स्वीडनमध्ये हा वेळ 22.5 मिनिटं होता, बांगलादेशात 48 सेकंद. भारताचा आकडा होता साधारण दोन मिनिटं.

दोन मिनिटांत नाव विचारून, तक्रार ऐकून, तपासून, केसपेपरवर औषधं लिहायची. समजावून सांगायला वेळ उरत नाही. पण पेशंटचे प्रश्न काही संपलेले नसतात. ही गोळी जेवणाआधी की नंतर? रक्त कुठे द्यायचं? रिपोर्ट कधी मिळेल? अॅडमिट व्हायचं म्हणजे गंभीर आहे का? हे सगळे प्रश्न मग औषधाच्या खिडकीवर, सिस्टरकडे, मावशींकडे आणि बऱ्याचदा दारावरच्या सिक्युरिटी गार्डकडे जातात. एकाच दिवसात तोच प्रश्न शंभर वेळा ऐकणारा माणूस शंभराव्या वेळी कसा बोलेल, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

त्यातही एक गंमत आहे. पेशंटला हॉस्पिटलचा पहिला चेहरा दिसतो तो गार्डचा, आणि सर्वांत जास्त तास दिसतात त्या सफाई करणाऱ्या मावशी. अनेक ठिकाणी ही दोन्ही माणसं हॉस्पिटलची नसतातच. ती कंत्राटदाराची असतात. त्यांचं प्रशिक्षण, त्यांचा पगार, त्यांची सुट्टी, यातलं काहीही डॉक्टरांच्या हातात नसतं.

एका सिस्टरमागे किती पेशंट?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी, साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक. सरकारी रुग्णालयात ज्यांनी एक रात्र जरी काढली असेल, त्यांना हा निकष वाचून हसू येईल. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एक किंवा दोन सिस्टर, खाटा भरलेल्या आणि खाली जमिनीवर गाद्या टाकलेल्या, हे चित्र नवीन नाही.

या गर्दीनं नेमका काय फरक पडतो? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा आयकेन यांनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. 2002 साली त्यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या बाबतीत, परिचारिकेवर सरासरी एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्याच एका जादा पेशंटमुळे परिचारिकेच्या 'बर्नआउट'ची, म्हणजे पार थकून, विझून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढत होती. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. तिथेही एका जादा पेशंटमागे तोच 7 टक्के आकडा निघाला.

कारण समजायला अवघड नाही. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा आधी बारीक खुणा दिसतात. श्वास थोडा वाढतो, लघवी कमी होते, माणूस उगाच गप्प होतो किंवा बडबडायला लागतो. या खुणा राउंडवर येणाऱ्या डॉक्टरांना नाही, तर दर तासाला फेरी मारणाऱ्या सिस्टरला दिसतात. ती फेरी चुकली की खूण चुकते. म्हणजे 'सिस्टर लक्ष देत नाहीत' ही तक्रार फक्त वागणुकीची नसते, पुष्कळदा ती पेशंटच्या सुरक्षिततेची असते.

स्टॅफर्ड: जिथे सगळं कागदावर ठीक होतं

या विषयावर कुठेही चर्चा झाली की इंग्लंडमधल्या एका छोट्या शहराचं नाव येतंच. स्टॅफर्ड.

ब्रिटनमध्ये 'एनएचएस' ही सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलमध्ये 2005 ते 2009 या काळात जे घडलं, ते वाचून एखाद्या श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे यावर विश्वास बसत नाही. पेशंट स्वतःच्या मलमूत्रात तासन् तास पडून राहायचे. जेवणाचं ताट हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून तसंच उचललं जायचं. तहानेनं कासावीस झालेल्यांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याचं नातेवाइकांनी सांगितलं. आपत्कालीन विभागात आधी कोणाला तपासायचं, हे काही वेळा रिसेप्शनवरचा माणूस ठरवत होता.

ज्युली बेली यांची आई 2007 मध्ये याच हॉस्पिटलमध्ये गेली. घरच्यांनी पाळ्या लावून आईजवळ रात्रंदिवस बसायला सुरुवात केली होती, आणि बसल्या जागेवरून त्यांना आजूबाजूच्या खाटांवर काय चाललंय ते दिसत होतं. आई गेल्यावर बेली यांनी इतर कुटुंबांना एकत्र केलं. 'क्युअर द एनएचएस' नावाची मोहीम सुरू झाली. आधी त्यांना कोणी दाद दिली नाही. शेवटी चौकशी झाली, आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांचा सार्वजनिक चौकशी अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला. त्यात तब्बल 290 शिफारशी होत्या.

आता महत्त्वाचा प्रश्न. स्टॅफर्डमधले कर्मचारी दुष्ट होते का?

अहवालातून वेगळंच चित्र दिसतं. हॉस्पिटलला 'फाउंडेशन ट्रस्ट' हा मानाचा दर्जा हवा होता, त्यासाठी हिशेब जुळवून दाखवायचा होता. 2006-07 मध्ये सुमारे एक कोटी पौंडांची बचत ठरली आणि जवळपास दीडशे पदं कमी झाली. आपत्कालीन विभागात आलेल्या पेशंटचा चार तासांत निकाल लावायचा, असं सरकारी उद्दिष्ट होतं. ते कागदावर पाळल्याचं दिसलं पाहिजे, यासाठी दबाव होता. हेलेन डॉनेली या परिचारिकेनं प्रतीक्षेच्या वेळा खोट्या लिहिल्या जातात अशी तक्रार केली. तिची तक्रार ऐकण्याऐवजी सहकाऱ्यांनीच तिला धमकावलं. ड्युटी संपल्यावर एकटीनं बाहेर पडायचीही तिला भीती वाटायची.

मग बाकीचे काय करणार? ज्यांना वाईट वाटत होतं त्यांनी बोलणं सोडलं. बोलणं सोडलं की हळूहळू वाईट वाटणंही कमी होतं. रोज दहा माणसं विव्हळताना पाहायची आणि दोघांनाच मदत करता येणार, हे माहीत असलेला माणूस स्वतःला वाचवण्यासाठी बाकी आठजणांकडे न बघायला शिकतो. बाहेरून ते 'माणुसकी उरली नाही' असं दिसतं. 2008 मध्ये, हे सगळं चालू असताना, हॉस्पिटलला हवा असलेला तो दर्जा मिळालादेखील.

स्टॅफर्डमध्ये निष्काळजीपणामुळे नेमके किती मृत्यू झाले यावर पुढे बराच वाद झाला. पण जे जगले त्यांचे हाल कोणी नाकारले नाहीत. या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये उपचारात चूक झाली तर पेशंटला ती उघडपणे सांगणं हॉस्पिटलवर कायद्यानं बंधनकारक झालं.

'एनएचएस'मध्ये दरवर्षी कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण होतं. त्यातला एक प्रश्न भारी आहे. तुमच्या मित्राला किंवा नातेवाइकाला उपचार लागले, तर इथल्या दर्जावर तुम्ही समाधानी असाल का? आपल्या भाषेत सांगायचं तर, स्वतःच्या आईला इथे आणाल का? बाकी शंभर रकाने बाजूला ठेवून कुठल्याही हॉस्पिटलच्या मावशी, सिस्टर आणि निवासी डॉक्टरांना एवढं एकच विचारलं, तरी बरंच कळेल. मायकेल वेस्ट आणि जेरेमी डॉसन यांनी या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून 2012 मध्ये दाखवलं की, जिथे कर्मचारी कामात मनानं गुंतलेले असतात तिथे पेशंटचं समाधान जास्त असतं आणि मृत्यूदर कमी असतो. कर्मचाऱ्यांच्या दांड्याही कमी.

डॉक्टरच पेशंट झाली तेव्हा

केट ग्रेंजर हे नाव सोशल मीडियावर वावरणाऱ्या काहींना आठवत असेल. त्या इंग्लंडमधल्या डॉक्टर, वृद्धांवर उपचार करायच्या. तिशीच्या आतच त्यांना बरा न होणारा कर्करोग झाला. ऑगस्ट 2013 मध्ये त्या अॅडमिट होत्या, तेव्हा एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्यांना तपासायला, सुई टोचायला, हलवायला येणारे अनेकजण स्वतःचं नावच सांगत नव्हते. स्वतः डॉक्टर असल्यामुळे हे त्यांना जास्त लागलं असावं.

त्यांनी पतीसोबत ट्विटरवर एक हॅशटॅग सुरू केला, 'हॅलो माय नेम इज'. नमस्कार, माझं नाव अमुक. एवढंच. बघता बघता लाखो लोकांनी तो वापरला, हॉस्पिटलांनी तशा नावपट्ट्या बनवल्या. जुलै 2016 मध्ये, वयाच्या 34व्या वर्षी केट गेल्या. मोहीम अजून चालू आहे.

हे किरकोळ वाटतं. पण आपल्याकडच्या वॉर्डात पेशंटला काय म्हणून हाक मारतात ते आठवून पाहा. 'बारा नंबर', 'ते अपेंडिक्सवाले', 'ओ बाबा'. आणि पेशंटच्या बाजूनंही सगळ्या नर्स 'सिस्टर', सगळ्या आया 'मावशी'. मावशी म्हणण्यात आपुलकी आहे हे खरं, पण पंधरा दिवस जिनं आपल्या माणसाची बेडपॅन उचलली तिचं नाव विचारल्याशिवाय लोक घरी जातात, हेही खरं.

क्लीव्हलँडमध्ये सफाई कामगार आणि सर्जन एका टेबलावर

अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक हृदयशस्त्रक्रियेसाठी जगात नावाजलेलं. तिथले तेव्हाचे प्रमुख टोबी कॉसग्रोव्ह स्वतः हृदयाचे सर्जन. 2006 मध्ये ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये बोलायला गेले असताना एका विद्यार्थिनीनं त्यांना सांगितलं की, तिच्या वडिलांना हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया हवी होती, क्लीव्हलँडचे निकाल उत्तम आहेत हेही घरच्यांना माहीत होतं, तरी ते दुसरीकडे गेले. कारण क्लीव्हलँडमध्ये माणुसकीनं वागत नाहीत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तुम्ही डॉक्टरांना सहानुभूती शिकवता का, असं तिनं विचारलं. कॉसग्रोव्ह यांच्याकडे उत्तर नव्हतं.

2008 मध्ये अमेरिकी सरकारनं हॉस्पिटलनिहाय पेशंटच्या सर्वेक्षणाचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली. डॉक्टर, नर्स नीट बोलतात का, खोली स्वच्छ असते का, रात्री शांतता असते का, असे त्यातले प्रश्न. जगप्रसिद्ध क्लीव्हलँड क्लिनिक यात अगदी मधोमध होतं.

मग त्यांनी पेशंटशीच बोलायला सुरुवात केली. एका पेशंटला तिच्या मुक्कामात कोण कोण भेटलं याची नोंद ठेवायला सांगितलं. आठ डॉक्टर, साठ नर्स आणि इतर इतके जण की तिला मोजता येईनात. दुसरी एक गोष्ट समोर आली ती फार बोलकी आहे. नर्सचा चेहरा उतरलेला असेल, तर पेशंटला वाटायचं की आपलंच काहीतरी चुकलंय, नाहीतर आपल्या आजाराबद्दल आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. नर्सचं भांडण कदाचित ड्युटी लावणाऱ्याशी झालेलं असेल, पण खाटेवरचा माणूस त्याचा अर्थ स्वतःच्या आजारावर लावतो.

क्लिनिकनं सुमारे 43 हजार कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं. आठ-दहा जणांचे गट केले आणि ते मुद्दाम मिसळले. मेंदूच्या सर्जनशेजारी सफाई कामगार, त्याच्याशेजारी स्वयंपाकघरातला माणूस. सगळ्यांना एकच नाव, 'केअरगिव्हर', म्हणजे काळजी घेणारे. डॉक्टरांना सुरुवातीला हे अजिबात रुचलं नाही. आपला वेळ वाया जातोय असं अनेकांना वाटलं. पण 2012 पर्यंत पेशंटच्या समाधानात हे हॉस्पिटल देशातल्या वरच्या आठ टक्क्यांत पोहोचलं.

हे श्रीमंत हॉस्पिटल होतं, पैसा होता, नर्स पुरेशा होत्या, हे विसरून चालणार नाही. जिथे मुळात माणसंच नाहीत तिथे 'हसतमुख राहा' असं अर्ध्या दिवसाचं शिबिर घेणं म्हणजे चेष्टा आहे. आपल्याकडे मात्र नेमकं तेच आधी होतं, कारण ते स्वस्त पडतं.

खूश पेशंट म्हणजे बरा झालेला पेशंट?

इथे एक उलटा धोकाही आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 52 हजार प्रौढांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास आला. डॉक्टरांवर सर्वांत जास्त समाधानी असलेल्या लोकांचा औषधांवरचा खर्च जास्त होता, ते जास्त वेळा अॅडमिट झाले होते आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका 26 टक्क्यांनी जास्त दिसला. समाधानामुळे माणसं मरतात, असा याचा अर्थ नाही. पण पेशंट मागेल ते इंजेक्शन, मागेल तो स्कॅन देऊन मिळवलेलं समाधान फसवं असू शकतं, इतकं त्यातून नक्की कळतं.

अमेरिकेत 2012 च्या अखेरीपासून सरकारी विम्याच्या पैशांचा काही भाग पेशंटच्या या गुणांशी जोडला गेला. त्या सर्वेक्षणात 'तुमच्या वेदनेकडे नीट लक्ष दिलं का' असा प्रश्न होता. त्याच काळात अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनानं तिथे थैमान घातलं होतं. चांगले गुण मिळावेत म्हणून डॉक्टर या गोळ्या सढळ हातानं लिहितील, अशी टीका झाली आणि वेदनेचे प्रश्न पैशांच्या हिशेबातून काढून टाकावे लागले.

सलाईन लावलं नाही तर 'डॉक्टरनं काही केलंच नाही' असं म्हणणाऱ्यांच्या राज्यात हा मुद्दा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे काय झालं?

काहीच झालं नाही असं नाही. 2015 मध्ये केंद्रानं सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' पुरस्कार सुरू केले. यातला एक नियम विशेष आहे. बक्षिसाच्या रकमेतला 75 टक्के भाग रुग्णालयाच्या सोयींवर खर्च करायचा आणि 25 टक्के तिथल्या कर्मचाऱ्यांना द्यायचा. 2016 मध्ये 'मेरा अस्पताल' आलं. उपचारानंतर पेशंटला एसएमएस किंवा फोन येतो, समाधानी नसाल तर कारण विचारलं जातं. कारणांच्या यादीत 'कर्मचाऱ्यांची वागणूक' हेही आहे.

प्रसूतिगृहाचा प्रश्न त्याहून नाजूक. कळा देणाऱ्या बाईला ओरडणं, टोमणे मारणं, प्रसंगी चापट मारणं, हे इतकं सर्रास होतं की अनेक बायकांना तो अपमान आहे हेच वाटत नसे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये याविरोधात स्पष्ट निवेदन काढलं. भारत सरकारनं 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी जवळची एक स्त्री सोबत ठेवायला परवानगी दिली, आणि 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानानं वागवणं हा गुणवत्तेचा भाग झाला. आई किंवा बहीण शेजारी उभी असली की आरडाओरडा आपोआप कमी होतो.

पण कर्मचाऱ्यांच्या बाजूचं काय?

27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका वॉर्डबॉयनं हल्ला केला. ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी म्हणून संप केला. अरुणा 42 वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी 18 मे 2015 पर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सरकारी रुग्णालयातल्या नर्सना माया नसते असं म्हणणाऱ्यांनी ही 42 वर्षं लक्षात ठेवावीत.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. प्रदीर्घ ड्युटीदरम्यान ती सेमिनार हॉलमध्ये पडली होती. सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणात राष्ट्रीय कृती दल नेमताना डॉक्टरांसाठी विश्रांतीच्या खोल्या नसणं, हा मुद्दा ठळकपणे मांडला. दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर आहे. एकीला कपडे बदलायला धड जागा नव्हती, दुसरीला पाठ टेकायला. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम नको, असं केंद्राचं 1992 पासूनचं धोरण आहे. कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा, तो यावरही हसेल.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती. राज्यभर संताप उसळला. औषधखरेदी, रिक्त पदं, खाटांपेक्षा जास्त पेशंट, असे प्रश्न समोर आले. पण सर्वांत जास्त फिरला तो व्हिडिओ वेगळाच होता. एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. पाहणाऱ्यांना बरं वाटलं असेल. सफाईच्या किती जागा रिकाम्या आहेत, हा प्रश्न त्या व्हिडिओत कोणी विचारला नाही.

नातेवाईक: बिनपगारी कर्मचारी

भारतीय हॉस्पिटलचं एक वैशिष्ट्य परदेशी अभ्यासात सापडत नाही, ते म्हणजे नातेवाईक. युरोपात जे काम नर्सनं केलं पाहिजे, त्यातलं अर्धं आपल्याकडे घरचे करतात. स्पंज देणं, जेवू घालणं, कूस बदलणं, स्ट्रेचर ढकलणं, रक्त आणायला धावणं. मुंबईत टाटा रुग्णालयात आलेल्या पेशंटच्या घरच्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आसरा दिला, परळच्या नाना पालकर स्मृती समितीनं दिला. ज्यांना जागा मिळत नाही ते फूटपाथवर राहतात.

आणि हॉस्पिटल या माणसाकडे बघतं ते गर्दी म्हणून. त्याला काही सांगितलं जात नाही, बसायला जागा नसते, येताजाता हाकललं जातं. अशा अवस्थेत चार दिवस काढलेल्या माणसाला अचानक 'पेशंट गेला' असं कळतं. मारहाणीच्या बऱ्याच घटनांची सुरुवात इथे आहे. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं गेलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावर आले नाहीत. हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण फक्त गार्ड वाढवून तो थांबत नाही, हेही दिसलंय. 'तब्येत बिघडतेय, पुढचे काही तास अवघड आहेत' हे वेळेवर, बसवून, मराठीत सांगणारं कोणीतरी लागतं. सरकारी रुग्णालयात यासाठी समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. तिथे अॅडमिट असणाऱ्या अनेकांना ते शेवटपर्यंत माहीत नसतं.

याच नातेवाइकाला कामाचा भागीदार मानलं तर? 'नूरा हेल्थ' या संस्थेनं ते करून पाहिलं. नारायणा हेल्थच्या हृदय रुग्णालयांत सुरुवात झाली. वॉर्डाच्या बाहेर ताटकळणाऱ्या घरच्यांना नर्सच गोळा करून शिकवतात. जखम कशी स्वच्छ ठेवायची, कोणती लक्षणं दिसली की परत यायचं, बाळाला उबेत कसं ठेवायचं. आता महाराष्ट्रासह काही राज्यांच्या सरकारी रुग्णालयांतही हे चालतं. यात नर्सचाही फायदा आहे. रोज ज्यांच्यावर ओरडावं लागायचं, तीच माणसं तिला 'मॅडम, हे बरोबर करतोय ना?' असं विचारायला लागतात.

अॅडमिट व्हायची वेळ आली तर

काही हक्क माहीत असलेले बरे. महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत मिळाल्या पाहिजेत. पुरुष डॉक्टर स्त्री पेशंटला तपासत असतील तर दुसरी स्त्री तिथे हजर असावी, असं सनद सांगते. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

वागणुकीबद्दल तक्रार करायची असेल तर 'स्टाफ उद्धट आहे' असं लिहून उपयोग होत नाही. तारीख, वेळ, वॉर्ड आणि नेमकं काय घडलं, हे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. सिस्टर एकटी होती आणि वॉर्ड भरलेला होता, हे दिसलं असेल तर तेही लिहावं. वरिष्ठांपर्यंत रिकाम्या पदांची तक्रार पेशंटच्या सहीनं पोहोचणं, याला कर्मचाऱ्यांच्या अर्जापेक्षा जास्त वजन असतं.

आणि कोणी चांगलं वागलं असेल तर त्याचंही नाव लिहून द्यावं. आपल्याकडे बाळ झालं की वॉर्डात पेढे वाटतात, ती पद्धत चांगलीच आहे. चहापाण्याचे पैसे मागण्याची मात्र नाही. अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा तरुण 1999 मध्ये प्रतिकारशक्तीच्या आजारानं गेला. त्याच्या घरच्यांनी त्याची काळजी घेणाऱ्या नर्सचे आभार मानायचे म्हणून 'डेझी' पुरस्कार सुरू केला. नाव पेशंटनं किंवा घरच्यांनी सुचवायचं. पुरस्काराच्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांना दालचिनीचे गोड रोल वाटतात. आजारपणात पॅट्रिकची अन्नावरची वासना उडाली होती. एक दिवस वडिलांनी स्वतःसाठी आणलेला तसा रोल त्यानं खाल्ला, आणि उद्या येताना वॉर्डातल्या नर्सनाही घेऊन या, असं सांगितलं.